दगडा, तुझे गाव कोणते?

दिवाळी आठ दिवसांवर आली की पुण्याच्या वाड्यांतून, चाळींतून आणि आता सोसायट्यांच्या मोटारी ठेवण्याच्या जागेतूनही किल्ल्यांची बांधकामे सुरू होतात. पोती मिळवावी लागतात, माती चाळावी लागते, हळीव पेरावे लागतात आणि बुरुजांसाठी दगड आणावे लागतात. दगडांची पुण्यात वाण नाही. जवळपास कोठे तरी इमारत उठत असते, तिच्यापुढे खडीचा ढीग असतो आणि राखणदार नेमका जेवायला गेलेला असतो. अशा ढिगातून आणलेल्या दगडांपैकी एखाद्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. एखादा फुटला तर आतून खडीसाखरेसारखे काही तरी चमकते. किल्ल्याचे काम तेथेच थांबते. तो तुकडा घरात येतो आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या वडिलांपुढे धरला जातो. "बाबा, हे काय आहे?" वडील चष्म्यावरून एकवार पाहतात आणि सांगतात, "गारगोटी."

पुण्याच्या कित्येक पिढ्यांना दगडाविषयी मिळालेले घरगुती शिक्षण एवढेच. आणि ते बहुतेक वेळा चुकीचे असते. गारगोटी ओळखणे अवघड नाही. रिकाम्या बाटलीच्या काचेवर ती दाबून ओढली तर काचेला ओरखडा उठतो. दोन गारगोट्या काळोखात एकमेकींवर घासल्या तर क्षणभर फिकट उजेड दिसतो. खडीच्या ढिगातला तो पांढरा तुकडा या परीक्षेला लावून पाहा. बहुतेक वेळा काच साफ राहील आणि उलट चाकूच्या टोकाने त्या तुकड्यालाच रेघ पडेल. मग ती गारगोटी नव्हे. ती जी वस्तू आहे तिच्यासाठी लंडनच्या आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयांनी काचेची कपाटे राखून ठेवली आहेत, आणि तिच्या खालच्या चिठ्ठीवर गावाचे नाव लिहिलेले असते: पूना, इंडिया.

हे कसे झाले ते सांगावयाचे तर थोडे मागे, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मागे जावे लागेल. ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेंड्यातून धूर ओकणारा उभा डोंगर येतो. महाराष्ट्रात तसे झाले नाही. येथे जमिनीलाच लांबलांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा चहूकडे पसरला. तो थिजला, त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. सह्याद्रीच्या बाजूला या थरांची एकूण जाडी २ किलोमीटरच्या आसपास भरते, आणि झिजून झिजून उरलेला हा प्रदेश आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. आगगाडीतून किंवा सिंहगडाच्या वाटेवरून डोंगराकडे पाहिले तर ते थर पायऱ्यांसारखे दिसतात. स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे त्यावरूनच या दगडाला ट्रॅप म्हणू लागले. १८२४ साली मुंबई सरकारने कर्नल साइक्स या अधिकाऱ्याला दख्खनची खानेसुमारी व पाहणी करण्यासाठी नेमले होते. गावे, पिके आणि पक्षी मोजता मोजता त्याने या पायऱ्यांचेही वर्णन लिहून ठेवले. मोजणीला निघालेल्या माणसाने दगडाकडे पाहू नये असा काही नियम त्या काळी नसावा.

पुण्याला हा दगड इतका जवळचा आहे की तो दिसेनासा झाला आहे. गावांची नावेच ऐका: पाषाण, खडकी, खडकवासला. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वराचे लेणे आठव्या शतकात याच खडकात वरून खाली खोदले. शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग याचा, नदीचे घाट याचे, आपल्या आज्यांचे पाटे-वरवंटे आणि जाती याची. आणि अलीकडे शिवाजीनगरहून स्वारगेटकडे भुयारी रेल्वे नेताना यंत्रांनी मुठेच्या पात्राखालून जो खडक कोरला तोही हाच.

परंतु सगळा काळा दगड सारखा नसतो, आणि आपली गोष्ट या फरकातच आहे. विहीर खणणाऱ्या माणसांना हा फरक भूशास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. घट्ट, एकजीव खडकाला ते काळा पाषाण म्हणतात. त्यात पहार चालत नाही आणि पाणीही लागत नाही. ठिपक्याठिपक्यांच्या, छिद्रे असलेल्या खडकाला ते मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा लागला तर तो गेरू. घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला हा लाल पट्टा पुष्कळ ठिकाणी उघडा दिसतो. एक लाव्हा थिजून, त्याचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजून त्याची माती झाली, आणि त्यानंतर दुसरा लाव्हा तिच्यावर आला, याची ती खूण होय.

मांजऱ्याची छिद्रे म्हणजे लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे. भाकरी फुगते तशी वाफ आत कोंडते, आणि दगड थिजला की पोकळी तशीच राहते. कधी ती मोहरीएवढी असते, कधी पेरूएवढी, क्वचित माणूस वाकून आत शिरेल एवढी. पुढे लाखो वर्षे खडकातून कोमट-गरम पाणी झिरपत राहिले. येता येता त्याने दगडातीलच सिलिका, चुना, ॲल्युमिनियम विरघळवून आणले आणि पोकळीच्या भिंतींवर हळूहळू बसवले. पाकात दोरा सोडून खडीसाखर धरवतात तशीच ही रीत. फक्त हलवायाला एक लाख वर्षांची घाई नाही. पुण्याच्या परिसरातील काही स्फटिकांचे वय शास्त्रज्ञांनी मोजले तेव्हा ते भोवतालच्या दगडापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान निघाले. म्हणजे घर आधी बांधले आणि बिऱ्हाड फार उशिरा आले.

या बिऱ्हाडांत मोठे कुटुंब झिओलाइटांचे. हे नाव क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली ठेवले. फुंकणीच्या ज्योतीत धरलेला खडा बुडबुडे येऊन उकळू लागला, तेव्हा त्याने ग्रीक शब्द जुळवून त्याला 'उकळणारा दगड' म्हटले. उकळत होते ते त्याच्या आत बसलेले पाणी. झिओलाइटाची घडण चाळणीसारखी असते. तिच्या सूक्ष्म बोळांतून पाणी राहते, तापवले की निघून जाते, आणि तरी चाळणी मोडत नाही. माणसाने हाच गुण ओळखून कृत्रिम झिओलाइट बनवले. कपडे धुण्याच्या पावडरीत ते असते, तेलशुद्धीकरणात ते असते. २०२१ सालच्या त्या वाईट उन्हाळ्यात ज्यांच्या घरी ऑक्सिजन देणारे यंत्र आणावे लागले त्यांनी ते नकळत वापरले आहे. त्या यंत्राच्या नळकांड्यात झिओलाइटाचे मणी असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे सोडतात.

पुण्याच्या खाणींत निघणाऱ्या या मंडळींची नावे परकी आहेत, पण रूपे लक्षात राहण्यासारखी आहेत. स्टिल्बाइट अबोलीच्या रंगाचे आणि मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे. ह्यूलंडाइटाच्या अंगावर मोत्याची झळाळी. स्कोलेसाइटाच्या सुया एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या, फुलबाजीच्या ठिणग्या जागच्या जागी थिजाव्यात तशा. यांच्या शेजारी नेहमी राहणारे, पण जातीने झिओलाइट नव्हे, असे ऍपोफिलाइट; त्याचे स्वच्छ चौकोनी मनोरे माशाच्या डोळ्यासारखे लकाकतात. गृहिणींना एक गोष्ट लगेच पटेल. हे सगळे पदार्थ काळ्या पाषाणाहून पुष्कळ मऊ आहेत. ठिपकेदार दगडाच्या पाट्यावर चटणी वाटली तर ते ठिपके आधी झिजणार आणि चटणी कचकचणार. तेव्हा पाटा घेताना बोटे फिरवून एकरंगी, घट्ट दगड निवडणारी आजी खनिजांच्या काठिण्याचीच परीक्षा घेत होती.

आता पुण्याच्या नावाची गोष्ट. १८३१ च्या सुमारास ब्रूक नावाच्या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाच्या हाती पुण्याहून गेलेला एक नमुना आला. बारीक, लांब, पांढऱ्या काड्या होत्या. त्याला हे नवीन खनिज वाटले आणि गावाच्या नावावरून त्याने त्याचे बारसे केले: पूनाहलाइट. पुणेकरांनी अभिमान बाळगावा असाच हा प्रसंग होता. दुर्दैवाने पुढच्या संशोधनात असे ठरले की हे खनिज नवीन नाही. मेसोलाइट या नावाने त्याची आधीच नोंद झालेली आहे. पूनाहलाइट हे नाव रद्द झाले आणि आता ते फक्त जुन्या नावांच्या यादीत सापडते. पण मला हळहळ वाटते ती नाव गेल्याची नाही. तो तुकडा नेमका कोठे मिळाला? वेताळ टेकडीला? येरवड्याच्या बाजूला? एखाद्या विहिरीत, किती हातांवर? ते कळावयास मार्ग नाही, कारण पत्ता म्हणून गावाचे नाव तेवढे लागले.

पुढे १८५६ साली बोरघाटात रेल्वेचे काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढली. पंचवीस बोगदे खोदावे लागले. कॉलऱ्याने आणि अपघातांनी किती तरी मजूर तेथे मेले, हे आपण खंडाळ्याला चिक्की घेताना विसरतो. त्या खोदाईत डोंगराच्या पोटातल्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि तोवर युरोपात कोणी पाहिले नव्हते एवढे मोठे, सुरेख स्फटिक बाहेर आले. त्यांतले पुष्कळ बोटीने विलायतेला गेले. उरले ते भरावात गेले. त्या भरावावरून आपली गाडी आजही जाते.

त्यानंतर पाळी आली पाषाणची. तेथल्या खाणींत ऍपोफिलाइट निघाले ते हिरवे, अगदी कोवळ्या केळीच्या पानाच्या आतल्या बाजूसारखे. हा रंग कशाचा, याचा शोध कॅलिफोर्नियातील जॉर्ज रॉसमन या शास्त्रज्ञाने घेतला आणि १९७४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. निबंधाच्या मथळ्यातच पुण्याचे नाव आहे. रंग व्हॅनेडियम या धातूच्या अंशाने येतो, असे त्याने दाखवले. व्हॅनेडियमची ही करामत पुण्याच्या दुसऱ्या अंगाला, नगर रस्त्यावर, आणखी मोठ्या प्रमाणावर दिसावयाची होती.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एका धरणाजवळ काही निळे कण मिळाले होते. १९७३ साली त्यांचे शास्त्रोक्त वर्णन झाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरे जोडून नाव पडले कॅव्हन्साइट. त्याचेच घटक निराळ्या रचनेत जुळून झालेले भावंड म्हणजे पेंटागोनाइट. दोन्ही इतकी दुर्मिळ की बहुतेक अभ्यासकांनी ती चित्रातच पाहिली. आणि मग १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या दगडखाणींतून खडी फोडता फोडता निळे गेंद निघू लागले. मोरपिसाच्या मध्यातला जो निळा, तो रंग. पांढऱ्या स्टिल्बाइटच्या बिछान्यावर सुपारीएवढे, बोराएवढे निळे गोंडे. जगात कॅव्हन्साइट म्हणून जे चांगले दिसते ते जवळजवळ सगळे वाघोलीचे आहे. थोड्याच खाणींत, ठराविक थरात, तुकड्यातुकड्यांनी बनलेल्या खडकाच्या फटींत ते सापडते. बाजूच्या खाणीत त्याच काळ्या दगडात काही नाही.

हे प्रथम पाहिले कोणी? प्राध्यापकांनी नव्हे. सुरुंग उडाल्यानंतर पहिल्याने आत जाणाऱ्या, घण घालणाऱ्या, दगड क्रशरकडे वाहून नेणाऱ्या माणसांनी. दगडकामात पिढ्या गेलेल्या वडार समाजाच्या आणि इतर मजुरांच्या डोळ्यांना खडकाचा रंग जरा पालटला तरी कळतो. ज्याने निळा खडा ओळखून बाजूला ठेवला त्याने तो वाचवला; ज्याच्यावर ब्रासाचा हिशेब पुरा करण्याची घाई होती त्याच्या हातून तो क्रशरात गेला. पुण्याच्या किती इमारतींच्या स्लॅबमध्ये मोरपिशी ठिपके गाडले गेले असतील ते सांगता येणार नाही. वाचलेले खडे व्यापाऱ्यांच्या हातून परदेशी गेले. याविषयी आपल्याकडे रागावून बोलण्याची पद्धत आहे. मला त्यात अर्धाच अर्थ दिसतो. विकला गेला म्हणून तो खडा निदान उरला, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयासारखे मोठे प्रदर्शनही खनिजांच्या व्यवहारात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या हौशीतूनच उभे राहिले. खरे नुकसान निराळे आहे. दोन हात बदलले की खड्याचा पत्ता हरवतो. वाघोलीची ती अमुक खाण, इतक्या खोलीवरचा थर, शेजारी अमुक खनिज, हे सगळे जाऊन 'पूना' उरते आणि आपण पुन्हा १८३१ सालच्या पूनाहलाइटापाशी येऊन पोचतो. दरम्यान खाण बुजते. वाघोली २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आली. जेथे सुरुंग उडत होते त्याच्या आसपास आता सदनिकांच्या जाहिराती आहेत. बुजलेल्या खाणीला जाऊन पुन्हा विचारता येत नाही.

आणि गंमत अशी की दगडाचा पत्ता सांभाळणे ही काही विलायती विद्या नव्हे. आपल्या देवघरात डोकावून पाहा. ज्यांच्याकडे पंचायतन आहे त्यांना हे चटकन् समजेल. विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा हवा, शिवाचे बाण नर्मदेचे हवे, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीतला हवा. दगड कोणता याच्याइतकेच तो कोठला याला महत्त्व, आणि तो पत्ता शेकडो वर्षे तोंडातोंडी चुकला नाही.

यांतला शाळिग्राम हा तर अनेक पुणेकरांनी रोज हाताळलेला एकमेव जीवाश्म असेल. त्याच्यातले चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्रप्राण्याच्या शंखाचा ठसा. आज जेथे हिमालय आहे तेथे टेथिस नावाचा समुद्र होता. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी त्याच्या तळच्या काळ्या चिखलात हे शंख रुतले. चिखलाचा दगड झाला, समुद्रतळाचा पर्वत झाला, आणि नेपाळातील गंडकी तो पर्वत कोरून त्यातले गोटे खाली आणते. हिमालयाच्या उंचीवर समुद्रातला प्राणी कसा, हे कोडे पत्ता ठाऊक असल्यामुळेच पडते. तोच शाळिग्राम 'कोठून तरी' आला असता तर नुसता गुळगुळीत गोटा ठरला असता. पूजेला बाध न आणता, पूजेनंतर मुलांना तो भिंगाखाली दाखवावा. आणखी एक योगायोग सांगून ठेवतो. हे अमोनाइट जगातून कायमचे नाहीसे झाले ते साधारण आपल्या काळ्या दगडाचा लाव्हा वाहत होता त्याच काळात. डायनोसॉरही तेव्हाच गेले. मेक्सिकोत कोसळलेली प्रचंड उल्का हे त्याचे मुख्य कारण मानतात. दख्खनच्या लाव्ह्याचा त्यात हात किती, यावर अजून भांडण चालू आहे.

जीवाश्म म्हटले की दरवर्षी या सदराकडे येणाऱ्या एका पत्राला उत्तर दिले पाहिजे. पत्र बहुधा उत्साही चिरंजीवांचे असते: टेकडीवर दगड मिळाला, त्यावर नेच्याच्या पानाची काळी नक्षी आहे, हा जीवाश्म ना? बाळांनो, बहुतेक वेळा नव्हे. दगडाच्या बारीक भेगेत पाणी शिरते आणि मँगनीजचा काळा गंज तेथे फांद्या फोडीत वाढतो, थंडीत काचेवर बर्फाची नक्षी उठते तसा. भिंगातून पाहा. पानाला मधली शीर असते, देठ असतो. या नक्षीला भेगेच्या कडेपासून सुरुवात असते आणि शिरा नसतात. निराश होऊ नका. मुळात उकळत्या लाव्ह्यात पान राहणार कसे? जीवाश्म मिळाले तर दोन लाव्ह्यांच्या मधल्या विसाव्यात, जेथे तळी साचली तेथे. मुंबईत वरळीच्या टेकडीखाली अशा थरात चक्क बेडूक सापडले, आणि १८४७ साली त्यांचे वर्णन केले ते रिचर्ड ओवेनने, डायनोसॉर हा शब्द ज्याने घडवला त्यानेच. नागपूरजवळ टाकळीलाही तळ्यातल्या गोगलगाई आणि वनस्पतींचे अवशेष निघाले. पुण्याच्या टेकड्यांवर तशी तळ्याची गादी नाही.

पण जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ, कुकडी नदीच्या काठच्या मातीत, एक पांढुरका थर आहे, त्याला मी जीवाश्माइतकाच मान देईन. ती ज्वालामुखीची राख आहे, आणि ती आपल्या लाव्ह्याची नव्हे. सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून उडून, बंगालचा उपसागर ओलांडून ती येथे पडली. कोणत्या उद्रेकातली, यावर अभ्यासकांचा वाद फार रंगला, कारण त्या थराच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत आणि राखेचे वय ठरले की हत्यारांचे ठरते. हत्यार उचलून कपाटात ठेवले असते तर वाद झालाच नसता. आणि काही कळलेही नसते.

सुट्टीत काय करता येईल, असे विचाराल तर सुरुवात उंबऱ्यापासून करा. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड. आपल्याकडे शिरगोळा नावाचा मऊ पांढरा दगड कुटून ती करीत. चिमूटभर पांढरी रांगोळी बशीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळा. फसफसली तर ती चुनखडीच्या जातीची. न फसफसली तर शंखजिरे किंवा दुसरे काही. हीच युक्ती खडीतल्या पांढऱ्या तुकड्यावर चालते: बुडबुडे आले तर कॅल्साइट. नंतर नख, तांब्याचा तुकडा, चाकू आणि काच, या क्रमाने कशाने ओरखडा उठतो ते पाहा. मोस या गृहस्थाने १८१२ साली काठिण्याचा जो तक्ता केला त्याचे हे घरगुती रूप आहे. त्यात पहिल्या पायरीवर बाळाच्या अंगाला लावण्याचे शंखजिरे, सातव्यावर गारगोटी, आठव्यावर पुष्कराज आणि दहाव्यावर हिरा. झिओलाइटांची मंडळी साडेतीन ते साडेपाचाच्या आसपास बसतात.

चालू खाणीत मुलांना नेऊ नये, आणि बंद पडलेल्या, पाणी भरलेल्या खाणीपाशी तर मुळीच नाही. तिचे काठ सरळ तुटलेले असतात. पाताळेश्वरात पाहावे, हातोडी घरी ठेवावी. ते संरक्षित स्मारक आहे. बांधकामावरची फुटकी खडी आणि विहिरीच्या तोंडाशी टाकलेला मलबा यांत महिनाभर पुरेल एवढे असते, आणि राखणदाराला विचारले तर तो सहसा नाही म्हणत नाही.

खडा घरी आणला की पहिले काम चिठ्ठीचे. कोठे मिळाला: गाव, रस्ता, कोणाचे बांधकाम, खडी असेल तर ती कोठल्या खाणीतून येते ते ट्रकवाल्याला विचारून. किती खोलीवरचा, भोवतालचा दगड काळा की मांजऱ्या, जवळ लाल थर होता का. तारीख आणि आणणाऱ्याचे नाव. खनिजाचे नाव अडत असेल तर ती जागा रिकामी सोडा. महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागातले कोणीही ती दोन मिनिटांत भरून देईल, पण पहिल्या ओळी त्यांना भरता येणार नाहीत. चिठ्ठी सुटी ठेवू नये, हरवते. खड्याच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका देऊन त्यावर आकडा घालावा आणि तोच आकडा वहीत.

धुण्याची घाई करू नये. सुयांचे गेंद ब्रशाने मोडतात, आणि ऍपोफिलाइट तापले की त्याचे पापुद्रे सुटतात. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच तो आहे. साध्या थंड पाण्यात बुडवून सावलीत वाळवावे. ठेवण्यासाठी दिवाळीत घरी येणारे मिठाईचे खोके उत्तम, आत कापूस घालून. मात्र खोका आधी दोन दिवस उन्हात ठेवावा, नाही तर स्टिल्बाइटावर मुंग्या चढतात.